ढिगाजवळची जागा

आमच्या दवाखान्यासमोर परवापासून संत्र्यांची हातगाडी उभी राहायला लागली आहे. गाडीवाल्यानं पुठ्ठ्यावर खडूनं 'नागपुरी' असं लिहून ठेवलंय. असतीलही नागपूरची. पण माझं मन लगेच सौंसरला जातं, मोहगावच्या वाटेवरच्या एखाद्या बगीच्यात. पुण्यात सौंसर कुणाला ठाऊक नसतं. "मध्य प्रदेश? मग तुला मराठी कशी येते?" असं इथं अजून विचारतात. आमच्याकडं बायासुद्धा स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, त्यावर हसतातही. आधी मी समजावून सांगायची. आता नुसती हसते आणि केसपेपर पुढं करते.

गाडीवर कुणी संत्रं सोललं की सालीचा बारीक फवारा उडतो आणि वास थेट आत बाकापर्यंत येतो. बाकावरची माणसं सुखावतात. कुणाला थंडी आठवते, कुणाला सहल. मला एक खुर्ची आठवते आणि खुर्चीत बसलेला एक माणूस. मागच्या आंबिया बहाराला मी त्याच्यासमोर उभी होते. वर्ष होत आलं, पण राग जरासुद्धा शिळा झालेला नाही. खरं सांगायचं तर मी त्याला शिळा होऊ दिलेलं नाही.

आंबिया बहार म्हणजे दसऱ्यानंतरचे दिवस. कपाशीची पहिली वेचणी चाललेली असते आणि तिकडं संत्रं रंग धरतं. सकाळी दंव असतानाच चौकात पिकअप गाडी येते. बाया डोक्याला फडकं बांधून, भाकरीचं गाठोडं घेऊन मागं चढतात. एकीचा पाय दुसरीच्या पदरावर पडतो, त्यावरून भांडण, मग हसू. बगीच्यात गडी झाडावर चढून तोडणी करतात आणि बाया खाली तणसावर ढिगाभोवती बसून छाटणी करतात. मोठा माल वेगळा, मधला वेगळा, बारीक ती चुरी वेगळी. ऊन वर आलं की ढिगातून एक गोडसर वाफ निघते, बोटं पिवळी होतात, नखांत सालीचं तेल जाऊन चुरचुरतं.

या ढिगाला तोंड असतं. गडी टोपल्या आणून जिथं रिकाम्या करतात ते तोंड. तिथली जागा सगळ्यात जाणत्या बाईची. फळ आधी तिच्या हाताखालून जातं, मग बाकीच्यांकडं. ती जागा कितीतरी वर्षं माझ्या मायची होती. पंचफुलाबाई तोंडाशी बसली म्हणजे मुकादम निवांत बिडी ओढायला जायचा. घरात तिला कुणी फार विचारत नव्हतं, बाप होता तोवर तर नाहीच. पण त्या ढिगाजवळ ती राणी होती. मला आठवीतून काढून तिच्या शेजारी बसवलं ते दोन हंगाम. तिनं माझ्या हातावर चापट मारून शिकवलं, "डोयानं नको पाहू वं, तळहातानं पाहाय." मला ते कधी जमलं नाही. पुढं लग्न होऊन पुण्याला आले.

हंगाम सुरू व्हायच्या आधी आमच्याकडं एक दिवस बाटलीचा असतो. मोटरला ऑइल, बैलाला ढेप, तसं छाटणीच्या बायांना सलाईन. ताकद येते म्हणतात. सगळ्या जणी दोन पिकअपमधून सौंसरला जातात, मुकादम दुसरीत असतो. "चला वं बाया, पेट्रोल भरून घ्या," हा त्याचा दरवर्षीचा विनोद, आणि दरवर्षी बाया त्याला हसतात, कारण कामावर कुणाला घ्यायचं हे तोच ठरवतो.

खुर्चीतला तो माणूस म्हणजे तिथला डॉक्टर, बस स्टँडच्या मागच्या गल्लीतला. नाव लिहीत नाही. पहिला पेशंट यायच्या आधीच तो खुर्चीत बसलेला असायचा. त्याच्या टेबलाला चिकटून एक स्टूल होतं. आधीच्या पेशंटची चिठ्ठी लिहिणं चालू असतानाच कंपाउंडर पुढच्याला आणून स्टूलवर बसवायचा. डॉक्टर मान वर करी तेव्हा माणूस बसलेला. उठताना मान पुन्हा कागदात. म्हणजे माणूस चालतो कसा, उठतो कशाच्या आधारानं, हे त्याला कधी दिसतच नव्हतं.

आणि माझ्या मायला हेच हवं होतं. बाकावर मुकादम बसलेला. त्याच्या डोळ्यांदेखत कण्हत, भिंत धरत आत गेलं तर ढिगाचं तोंड गेलंच समजा. म्हणून आमच्या बाया दवाखान्यात दुखणं घेऊन जातात आणि दारातच ते लपवतात. माय पहिल्या गाडीनं सगळ्यांच्या आधी पोचायची, कुणी बघत नसताना आत सरकायची, स्टूलवर बसली की पाठ ताठ करायची. वाळलेले दंड दिसू नयेत म्हणून पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची.

"काय होतं, पंचफुलाबाई?"

"काई नाई जी, जराशी कमजोरी."

"वय झालं आता. बाटली लावू?"

"लावा ना."

झाली तपासणी. वरून एक गोळी चक्करची, एक झोपेची, एक गॅसची. पुढच्या वेळी त्याच गोळ्या आणि आणखी एक.

तो संत्र्याचा व्यापारी बघा. झाडावरचा माल उक्ता घ्यायचा तर तो ओळीनं सगळा बगीचा फिरतो. झाडाच्या चहूबाजूंनी जातो, वाकून बुंधा बघतो, डिंक सुटलाय का, शेंड्याला सल आलीय का, म्हणजे टोकाची फांदी वाळतेय का. मालकही वजनानं लवलेल्या फांदीखाली वेळेवर बांबूचा टेकू देतो. झाडाला एवढी नजर मिळते आमच्याकडं. स्टूलवरच्या बाईभोवती मात्र कुणी एक फेरी मारली नाही.

मला हे सगळं तेव्हा कळत नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकलेल्या दिसायच्या. मोहगावच्या बाजाराला जाणं तिनं सोडलं, शेजारणीकडून भाजी मागवायला लागली. विचारलं तर म्हणायची, "गर्दी लय राह्यते वं." मग एका उन्हाळ्यात न्हाणीजवळ पडली आणि मनगट मोडलं. ते तिनं सांगितलं नाही, तिच्याजवळ राहणाऱ्या माझ्या वहिनीनं सांगितलं. तेव्हापासून फोन वाजला की मी हातातलं टाकून धावते. आजही धावते. नवरा म्हणतो, अगं, बँकेचा आहे. तरी नंबर स्वतः बघते.

इथल्या डॉक्टर मॅडमकडं मला काम मिळालं ते नणंदेमुळं. आठवीतून शाळा सुटलेल्या बाईला पुण्यात दवाखान्यात कोण बसवतं? त्यांनी बसवलं, या उपकाराला माझ्याकडं शब्द नाहीत. या मॅडमची एक सवय आहे. म्हाताऱ्या पेशंटला बोलवायला त्या स्वतः बाहेर येतात. हाताला धरत नाहीत, नुसत्या बाजूनं चालतात, गप्पा मारत. बाकावरून उठताना त्यानं कशाला धरलं, पाय उचलला की घासला, दोन वाक्यांत दम लागला का, सगळं त्या वाटेतच बघून घेतात. आत गेल्यावर विचारतात, "आजोबा, आधी करत होता आणि आता सोडलं, असं काय काय आहे?" आधी मला वाटायचं, वेळ घालवतात.

एकदा मी विचारलं, "मॅडम, वय झाल्यावर हे असं होणारच ना?"

त्या म्हणाल्या, "वय आणि अशक्तपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वयाला आपण काही करू शकत नाही. अशक्तपणा मात्र वेळेवर दिसला, तर खाणं आहे, व्यायाम आहे, नको त्या गोळ्या बंद करणं आहे. अगदी पहिल्यासारखं नाही होत, पण थोडं मागं ढकलता येतं. दिसायला मात्र हवं."

त्या सहज बोलून आत गेल्या. मी पाण्याचा जग हातात धरून तशीच उभी. वेळेवर दिसला तर. म्हणजे इतकी वर्षं वेळ होती! त्या दिवशी मी त्या माणसाचा सूड घ्यायचं ठरवलं.

काय काय नाही मनात आणलं मी. तो न्हाणीत घसरावा आणि त्याच्या हाका कुणी ऐकू नयेत. त्याला कुणीतरी स्टूलवर बसवून रोज बाटली लावावी, नुसतं मीठपाणी. भांडी घासताना, बसमध्ये उभी असताना मी हे रंगवायची आणि मला गार वाटायचं. मागच्या वर्षी दसरा झाला आणि रजा मागितली. नागपूरपर्यंतच्या गाडीत रात्रभर वाक्यं जुळवत बसले, सौंसरच्या बसमध्ये ती पाठ केली.

माय खाटेवर बसलेली होती. मला बघून उठली नाही. "आली का वं? कायले आली एवढ्या लंब?" हात हातात घेतला तर त्यात पकडच नव्हती. ज्या हातानं मला चापटा मारल्या तो हात.

"उद्या बाटलीले जाऊन राहिलो आमी," ती म्हणाली. "तू घरीच राह्य."

मी घरी राहणार नव्हते.

दवाखाना बायांनी भरलेला. मुकादम शेषरावही खोकला घेऊन बाकावर बसलेला. आमची पहिली पिकअप वाटेत पंक्चर झाली म्हणून उशीर झाला होता, मायला आधी आत शिरायला मिळालं नव्हतं. कंपाउंडरनं हाक मारली, "चला पंचफुलाबाई, बसा." माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. मी पुढं झाले, ते स्टूल उचललं आणि काखेत धरून उभी राहिले.

डॉक्टरनं मान वर केली. "ही कोण आहे?"

"पंचफुलाबाईची पोरगी आहो. पुण्याहून आली."

"पुण्यात स्टूल चोरायचं शिकवतात का?"

बाया खळखळून हसल्या. मुकादम सगळ्यात मोठ्यानं.

"साहेब, इतके साल तुमी मायले बसलेलीच पाहून राहिले," मी म्हणाले. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना, आवाज फाटत होता. "आज एक डाव चालतानी पाहा. दारापासून टेबलापर्यंत. मंग लावा बाटली."

हसणं थांबलं. माय दारात उभी. तिनं माझ्याकडं असं बघितलं की आजही ते डोळे मिटल्यावर दिसतं. "मले कायले नाचोतं वं सगळ्याइच्या समोर?" हळूच म्हणाली. पण सगळे बघत होते, आता मागं फिरणं जास्त लाजेचं होतं. तिनं पदर खांद्यांवरून ओढला आणि निघाली.

धरायला भिंत नव्हती. पाय फरशीवरून उचलतच नव्हते, सरकत होते. दोन्ही हात बाजूला थोडे पसरलेले, पाण्यातून चालल्यासारखे. अर्ध्यात तिचा गुडघा लचकला. स्टूल टाकून मी धावणार, तोच डॉक्टर उठायला गेला.

गेला, पण उठला नाही. दोन्ही तळवे टेबलावर दाबले, दंड थरथरले आणि तो परत खुर्चीत पडला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा उभा राहिला. शर्टाची कॉलर मानेपासून लांब उभी, मनगटावरचं घड्याळ सैल होऊन फिरलेलं. दोन पावलं टाकून त्यानं मायचा दंड धरला आणि मायनं त्याचा. तेवढा वेळ कोण कुणाला धरून उभं आहे हे सांगता येणार नाही.

बाकावरच्यांना वाटलं, बघा, डॉक्टरसाहेब स्वतः उठले. मला मात्र कळलं. टेबलाला चिकटून स्टूल का, माणूस बसल्याशिवाय मान वर का करायची नाही, सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत का बसायचं. मायसारखाच तोही लपवत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं.

हा माणूस असा आयता माझ्या हातात आला होता. नुसतं मोठ्यानं बोलायचं होतं, अख्ख्या सौंसरला संध्याकाळपर्यंत कळलं असतं. मी जवळ गेले, स्टूल खाली ठेवलं आणि त्याला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वय झालं, साहेब."

त्याचा चेहरा उतरला. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. देवाघरी याचा जाब द्यावा लागला तर देईन, पण तो गारवा मी परत करणार नाही.

तो टेबल धरून परत खुर्चीत बसला, माय स्टूलवर. मग त्यानं मायला विचारलं, "सकाळी काय खाता?"

"चहा-भाकर."

"दुपारी?"

"भूक नाई लागत जी."

"बाजाराला कधी गेला होता?"

मायला आठवेना. त्यानं वजनकाटा काढायला लावला. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली, झोपेची बाजूला काढली, आणखी दोन काढल्या. डोळ्यांची तपासणी, रक्ताची तपासणी लिहून दिली. डाळ, अंडी, शेंगदाणे. खाटेवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, रोज, वहिनी शेजारी असताना. न्हाणीजवळ धरायला पाइप ठोकायचा. तेच सगळं, जे आमच्या मॅडम सांगतात. म्हणजे त्याला येत होतं! या गोष्टीनं माझा राग कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

"बाटलीचा उपयोग नाही," तो शेवटी म्हणाला.

"मंग आमची बाटली?" बाकावरून बाया ओरडल्या. एकच गोंधळ झाला. त्या गोंधळात मुकादम उठला, मायजवळ आला आणि मधासारख्या आवाजात म्हणाला, "माय, तू या साली आराम कर बाप्पा. तोंडाशी मी दुसरी बसवतो."

परतीच्या पिकअपमध्ये माय माझ्याकडं पाठ करून बसली. दोन्ही बाजूंनी बगीचे जात होते, लवलेल्या फांद्या, पिवळा उजेड, तोडणीची हाकाटी. एका बाईनं मायला पाणी विचारलं, तिनं घेतलं नाही. घरी आल्यावर खाटेवर बसली आणि मग बोलली.

"ढिगाले पाय लागते का वं?"

मी तिच्या पायाशी खाली बसले.

"बसून काम हाय माहं. हात तं चालून राहिला होता. तुले डाक्टरचा सूड घ्याचा होता, तं माह्या पायानं काऊन घेतला?"

याचं उत्तर माझ्याकडं आजही अर्धंच आहे. तो हात चालत नव्हता, पकड गेली होती, हे मला ठाऊक होतं. आणखी एक पडणं आणि खाट कायमची, हेही ठाऊक होतं. पण तिची जागा गेली ती गेलीच.

पुण्याला परत आले. ती फोनवर यायची बंद झाली. थंडी सरली, उन्हाळ्याच्या तोंडाला मृग बहाराची संत्रीही येऊन गेली, तरी नाही. वहिनी सांगायची, "अंडं खाऊन राहिली. नाक मुरडते पण खाते." मग सांगायला लागली, "सकाळ-संध्याकाळ खाटेवरून उठबस करते. मी म्हटलं नाई तरी करते." मला आश्चर्य वाटलं. एकदा वहिनीनं फोन खाटेजवळ नेला आणि गुपचूप ऐकवलं. उठताना माय दात खाऊन म्हणत होती, "शेषराव, तुयं मढं जावो." बसताना, "तुया ढिगाले आग लागो." पुन्हा उठताना नवी शिवी. एकेक शिवीगणिक एकेक उठबस. मध्येच एक माझ्याही नावाची आली.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, "चालू दे. रोज करतात ना? मग शिवी असो नाहीतर रामनाम, पायाला काय करायचंय?"

डॉक्टरचं काय झालं ते वहिनी आपणहून सांगते. स्टूल आता भिंतीकडं सरकवलंय, म्हाताऱ्या माणसांना चालत आत यायला सांगतो म्हणे, आणि स्वतः कंपाउंडरचा खांदा धरून दारापर्यंत येतो, सगळ्यांसमोर. लोक त्याला आता जास्त मान देतात. चांगलं झालं हे कळतं. पण त्या आधीची वर्षं कुणाकडून मागायची? मी त्याला माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

आज दुपारी बाहेर गाडीवाला संत्री रचत होता आणि फोन वाजला. वहिनीचा नंबर. नेहमीसारखं हातातलं टाकलं. धावत जिन्यापाशी गेले.

"हॅलो," तिकडून मायचा आवाज.

"माय? पडली का वं?"

"पडीन कायले? बगीच्यात जाऊन आली. आज तोडणी लागली ना."

"कोणासंगं गेली?"

"कोणासंगं म्हंजे? माह्या पायानं गेली. काठी होती."

रस्त्यापासून ढिगापर्यंत ती बांधावरून एकटी चालली. गडी झाडावरून बघत राहिले, बाया हात थांबवून बघत राहिल्या. मुकादम बिडी विझवून उभा राहिला.

"त्यानं पाह्यलं?" मी विचारलं.

"पाह्यलं तं. पूरा रस्ता पाह्यलं त्यानं. थांबत थांबत गेली मी, मुद्दाम." ती दम घ्यायला थांबली. "मंग म्हणे, ये माय, बस आपल्या जागेवर. म्या म्हटलं, बसाले नाई आली, दाखवाले आली. तुयी ते नवी बाई चुरी मधल्यात टाकून राहिली, ते पाह्य आधी."

"मग?"

"मंग काय? उद्या गाडी पाठवतो म्हणे. म्या म्हटलं, पाठव, येतो का नाई ते सकाळी पाहीन."

मी जिन्यावरच बसले. हसू येत होतं आणि रडूही. म्हटलं, "माय..."

"चूप राह्य," ती म्हणाली. "एवढं सांगाले फोन केला. तुयासंगं मी अजून बोलून नाई राहिली."

आणि फोन ठेवला.